एक जूनची माणसं

पेन्शन कमी बसली म्हणून पेढे वाटायची पद्धत नेमकी कुणी पाडली कोण जाणे, पण दोन-तीन वर्षांत ती इचलकरंजीच्या गल्लीगल्लीत रुजली. निवृत्त तलाठी घोरपडे तर बॉक्स घेऊन घरोघर फिरले. "फारच कमी बसली हो!" असं सांगताना त्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा फुलला होता. आणि ज्याच्या घरी आकडा भरघोस यायचा, त्याच्या दारावरून जाताना लोक आवाज खाली करायचे.

हे उलटं शास्त्र ज्या यंत्रणेमुळे आलं, ती पुण्यात तपासणाऱ्यांत इचलकरंजीचीच एक मुलगी होती. स्नेहल चौगुले. गल्लीत कुणी विचारलं तर तिची आई सांगायची, "कॉम्प्युटरचं काहीतरी करते." त्याहून जास्त सांगायची सोय राहिली नव्हती.

पूर्वी विमा कंपन्यांकडे एक कोष्टक असायचं. एक लाख माणसं जन्मली, तर साठीला किती उरतात, सत्तरीला किती, ऐंशीला किती. किती जाणार हे त्यात कळायचं. कोण जाणार हे मात्र कुणालाच कळत नसे, आणि त्या न कळण्यावर सगळा धंदा उभा होता. लवकर जाणाऱ्याचे उरलेले पैसे उशिरा जाणाऱ्याला पुरायचे. कुणाचं काही बिघडत नसे, कारण पैसे भरताना सगळेच सारखे आंधळे.

मग 'कालमान' आलं. या सॉफ्टवेअरला लाखाचं कोष्टक नको होतं. मनगटावरच्या घड्याळातून ते माणसाची चाल वाचायचं, औषधाच्या दुकानातल्या खेपा बघायचं, फोनवरच्या आवाजातला दम मोजायचं. जन्म कुठे, कधी, राहणं कुठे, काम कसलं, अशा हजार बारीकसारीक गोष्टींतून ते प्रत्येकाची स्वतःची एक रेघ काढायचं. वरून निघून हळूहळू खाली येणारी. कुणाची लांब, कुणाची आखूड. कायद्यानं ही रेघ त्या माणसाला दाखवायला बंदी होती. पण पेन्शनचा आकडा तर सांगावाच लागतो. साठवलेली पुंजी उरलेल्या आयुष्यात वाटायची, म्हणजे आयुष्य थोडं तर महिन्याचा घास मोठा. सरकारनं दार लावलं आणि खिडकी उघडी राहिली. लोक काय खुळे नव्हते.

स्नेहल रोज शेकडो रेघा बघायची. पहिल्या वर्षी ती एखाद्या आखूड रेघेपाशी थबकायची. नंतर थबकणं गेलं. दाढ काढताना गाल बधीर करतात, तसं काहीसं झालं होतं. जेवताना आपणच आपला गाल चावतो आणि तेही कळत नाही.

आईचा फोन आला तेव्हा ती घरूनच काम करत होती आणि मांडीवर ओवीला घेऊन वरणभात भरवत होती. ओवी अकरा महिन्यांची. घास तोंडात घेऊन मुद्दाम गिळायची नाही.

"आण्णांचा पेन्शनचा कागद आला," आई म्हणाली.

"मग?"

"जास्त बसलीय गं."

"किती?"

"घोरपड्यांची आन् आपली पुंजी सारखीच. तुला तर ठाऊकच आहे. त्यांच्या दीडपट आलाय आकडा."

स्नेहलला कागदपेन्सिल लागली नाही. पुंजी, व्याज, दीडपट. उत्तर आपोआप डोक्यात येऊन बसलं. ओवीच्या हनुवटीवरचा भात तिनं बोटानं पुसला आणि पुढचा घास कालवला. हात थरथरला नाही. आपला हात थरथरला नाही हे तिनं बघितलं, एवढंच.

"आण्णा काय म्हणाले?"

"काय नाही. जेवले. मग मिरजेला दवाखान्यात फोन लावला आन् गुडघ्याचं ऑपरेशन नको म्हणून सांगून टाकलं. मी भांडले, तर म्हणतात, सोडायच्या खोलीला कुणी नवी फरशी घालतं काय?"

आण्णा म्हणजे महादेव चौगुले. तीस-पस्तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर. माग बिघडला की हा माणूस आडवा होऊन त्याच्याखाली शिरायचा. गुडघे त्यातच गेले, आणि कानही. सगळ्या जगाला मागाच्या आवाजावरून ऐकू जावं अशा बेतानं ते आयुष्यभर बोलत आले. कागद आल्यापासून ते हळू बोलायला लागले होते. आईला सगळ्यात भीती त्याची वाटत होती.

एक जूनला आण्णांचा वाढदिवस. स्नेहलनं नवऱ्याला डबा स्वतः करून घ्यायला सांगितलं आणि ओवीला घेऊन इचलकरंजी गाठली.

आण्णा सोप्यात खुर्चीवर बसले होते. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला, घड्याळ मात्र नव्हतं. अंगणात ओवीसाठी करायला घेतलेला लाकडी पांगुळगाडा उलटा पडला होता. दांडा तासून, घासून, तेल लावून झालेला. दोन चाकं बसली होती. तिसरं बसायचं होतं.

"हे राहिलं की, आण्णा."

"हां. करंल कुणीतरी."

ओवीला त्यांनी मांडीवर घेतलं, पण पूर्वीसारखं वर उडवलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "तुमच्या यंत्राला काय दिसलं गं?"

"मला नाही कळत ते, आण्णा."

"तूच तपासतीस न्हवं?"

"रेघा तपासते. नाव नसतं त्यावर. आणि घरच्या माणसाचं बघायला बंदी आहे."

"बरं हाय." मग त्यांनी हात छातीवर ठेवला. अलीकडे तो तिथेच असायचा, आईनं सांगितलं होतं. "काय तर आत असणार. मला कळंना झालंय, त्याला कळलंय."

"मग डॉक्टरांकडून तपासून घेऊ या."

"नको. आन् सापडलं तर?"

 दुसरी कुणी मुलगी असती तर रडली असती, असं स्नेहलला वाटून गेलं. तिनं ओवीचा लंगोट बदलला.

संध्याकाळी मोमीनच्या बेकरीत जायचं होतं. ते चुकणं शक्य नव्हतं. आण्णांच्या वर्गातल्या सगळ्यांचा वाढदिवस एक जूनला असायचा. त्यात चमत्कार काही नाही. शाळेत नाव घालायला आईबाप यायचे तेव्हा पोराची तारीख कुणाला माहीत नसायची. 'आंबे निघाले होते', 'म्हैस व्याली त्याच आठवड्यात', असलं काहीतरी सांगायचे. हुपरीकर गुरुजी पोराच्या उंचीकडे बघायचे, डोक्यावरून हात नेऊन विरुद्ध बाजूचा कान धरायला लावायचे आणि बेतानं साल टाकून पुढे 'एक जून' लिहायचे. जूनमध्ये शाळा सुरू होते, त्या दिवशी पोरगं सहा वर्षांचं भरलं की काम झालं. गुरुजींनी अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला होता. गावोगावच्या गुरुजींनी तेच केलं होतं.

म्हणून दरवर्षी सगळ्यांत मिळून एकच केक. वर्गातलाच इस्माईल मोमीन तो स्वतः करायचा. त्यावर नावं मावत नसत, म्हणून नुसतं '१ जून' लिहायचा.

"या चौगुले! चालत आलास का उचलून आणलं?" रावसाब मगदूम बाकावरून ओरडला.

"पोरीनं आणलं गाडीतनं." आण्णा हळूच म्हणाले आणि बसले.

बाकावर मगदूम, तुकाराम कोष्टी, बंडा हजारे आणि आता आण्णा. इस्माईल उभा. स्नेहल ओवीला कडेवर घेऊन काउंटरला टेकली. हे लोक जमले की रस्त्यावरची कुत्री पळायची एवढा दंगा, असं ती लहानपणापासून बघत आलेली. आज मगदूमचं ते एक वाक्य सोडलं तर कुणी बोललं नाही. केक कापला. कोष्टीनं तुकडा घेतला आणि बशीत तसाच ठेवला.

"फुडल्या वर्षी केक ल्हान आण रं, इस्माईल," मगदूम म्हणाला.

"का? पैशाचं मी बघतोय की."

"पैशाचं न्हाय. आसंच."

कोष्टीनं मान वर केली. "तुझा बी कागद आला व्हय?"

मगदूमनं बोटावरचं क्रीम चाटलं.

"आरं बोल की. जास्त बसली?"

"लई," मगदूम म्हणाला. "बायकूला सांगिटलं न्हाय अजून."

"माझी बी," कोष्टी म्हणाला.

"आयला," हजारे म्हणाला, "माझी बी!"

सगळ्यांनी आण्णांकडे बघितलं. आण्णांनी नुसती मान हलवली. मग सगळे इस्माईलकडे वळले. त्यानं सुरी खाली ठेवली. "अल्लाची मर्जी," तो म्हणाला. "पर दुप्पट म्हणजे जरा लईच झालं."

मगदूमला हसू फुटलं. "म्हंजे जलम बी एकाच दिवशी आन् मरान बी एकाच दिवशी? हुपरीकर गुरुजी वर जाऊन यमाच्या हापिसात लागल्यात काय?"

"मला साखर न्हाय, बीपी न्हाय," हजारे तावातावानं म्हणाला. "मी रोज पंचगंगेत पवतोय!"

"त्या पाण्यात पवून जित्ता हायस म्हंजे तुला यम बी हात लावत न्हाय."

बेकरी दणाणली. आण्णा हसले नाहीत. त्यांचा हात छातीवरच होता. स्नेहल केककडे बघत होती. गुलाबी क्रीमची अक्षरं, कापून उरलेली. एक जून. तिच्या डोक्यात काहीतरी खट्ट झालं. मनात नाही. डोक्यातच.

पुण्याला परतल्यावर तिनं 'कालमान'मध्ये एक खोटा माणूस बनवला. सगळं साधारण: चाल, औषधं, आवाज, गाव. जन्म दोन जून. रेघ निघाली. मग बाकी कशालाही हात न लावता तारीख एक दिवसानं मागे घेतली. रेघ आखडली. स्क्रीनवर बोटभर. त्या बोटात कितीतरी दिवाळ्या होत्या.

जन्माच्या ऋतूचा आयुष्यावर थोडा परिणाम होतो, हे जुनं निरीक्षण. म्हणून 'कालमान'ला जन्मदिवस दिला होता. त्यानं प्रामाणिकपणे बघितलं, की महाराष्ट्रात एका विशिष्ट दिवशी बेसुमार माणसं जन्मतात आणि ती इतरांच्या आधी मरतात. यंत्राला गुरुजी माहीत नव्हते. एक जून म्हणजे जन्माच्या वेळी घरात तारीख लिहिणारं कुणी नव्हतं, दवाखाना नव्हता, पुरेसं दूध नव्हतं, आणि पुढे बहुतेकांच्या वाट्याला धुळीची, उन्हाची, ओझ्याची कामं आली. हे सगळं त्या एका तारखेत गोळा झालं होतं. यंत्रानं तारीख उचलली.

आणि स्नेहल? ती तर जन्मभर एक जूनला बापाला शुभेच्छा देत आली होती. तो खरा वाढदिवस नाही हे तिच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक, की ते कामावर न्यावं असं कधी वाटलंच नाही.

विभागप्रमुख विद्याधर कामत पुन्हा पुन्हा रेघ बघत राहिले. भला माणूस. "माझा जन्म मुंबईचा, प्रसूतिगृहाचा दाखला आहे," ते म्हणाले. "मला वाटलं पावसाळ्याआधीच्या जन्माचा परिणाम असेल."

"सर, एका दिवसाचा ऋतू असतो का?"

"नसतो," त्यांनी कबूल केलं. "पण मला एक सांग. तारखेमुळे अंदाज चुकतोय का?"

तिनं ते आधीच तपासलं होतं. "नाही. तारीख काढली तर जास्त चुकतो."

"मग काढायची? काढली तर या सगळ्यांची पेन्शन घटेल. आयुष्यभर हाल झाले त्यापोटी जे चार पैसे जास्त पडतायत तेही जातील. ठेवली, तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "सोमवारी तुझी सही लागेल, स्नेहल. तू म्हणशील तसं."

शनिवारी ती पुन्हा इचलकरंजीत. पांगुळगाडा तसाच उलटा. आण्णाही तसेच. तिनं खुर्ची त्यांच्या जरा बऱ्या कानाकडे ओढली आणि सगळं सांगितलं. गुरुजी, तारीख, रेघ.



"म्हंजे माझ्या छातीत काय दिसलं न्हाय?"

"छाती बघितलीच नाही, आण्णा. तारीख बघितली."

"महिनाभर मी रातचं श्वास मोजतोय."

"माहीत आहे."

"आन् ती तारीख बी माझी न्हवं. आई सांगायची, भात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर झालो. मुकादमानं तिचा आर्धा दिवस कापला. त्येला तेवढं बराबर कळलं, तारीख कुणाला ठावं." ते हसल्यासारखं करून थांबले. "पर यंत्र खोटं बोलत न्हाय गं."

"का?"

"शिवा खोत गेला, कापसानं छाती भरून. दादू जाधव गेला. बाळू लोहार तर चाळिशीत. सगळी एक जूनचीच." त्यांनी बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली. "वर्ग भरून हुतो आम्ही. आता एका बाकावर मावतोय."

स्नेहलनं विचारलं, "ती तारीख काढून टाकू का आण्णा? माझ्या सहीवर आहे. काढली तर कुणाला असा कागद येणार नाही. पण सगळ्यांचे पैसे कमी होतील."

"काढू नका." आण्णा लगेच म्हणाले. आवाज थोडा चढला होता. "का काढायची? धूळ खाल्ली ती खाल्ली, आता पैसं बी माघारी द्यायचं? फकस्त कागदावर ल्ह्या की बाबा, का देतोय ते. एवढं एक ल्हिलं असतं तर मी कशाला छातीवर हात ठिऊन बसलो असतो?"

एक ओळ. दिवसभर रेघा बघणाऱ्या इतक्या शिकल्यासवरल्या माणसांत ती कुणाला सुचली नव्हती, कारण कायदा सांगू नका म्हणत होता आणि न सांगणं सोपं होतं. स्नेहलच्या गालाला एकदम मुंग्या आल्यासारखं झालं. बधिरपणा उतरताना येतात तशा. तिनं गाल चोळला.

"आन् माझा आकडा मी घेणार हाय," आण्णा म्हणाले. "जास्ती तर जास्ती. घेणार, गुडघं नवं बसवणार, आन् नव्वदीपतोर वसूल करणार. कंपनी बुडाली तरी बेहत्तर."

"माझीच आहे हो ती कंपनी!"

"मग तू दुसरी बघ!"

हे वाक्य गल्लीत तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेलं. आतून आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

सोमवारी स्नेहलनं सही केली, अटीवर. तारीख राहील, पण दरामागचं मुख्य कारण प्रत्येक कागदावर छापायचं. वरच्यांनी कुरकुर केली, वकिलांना विचारलं. रेघ दाखवायला बंदी आहे, कारण सांगायला नाही, असं निघालं. कामतांनी ओळ घालून घेतली.

त्या ओळीनं सगळ्यांचं भलं झालं असं नाही. काहींच्या कागदावर 'चालण्याचा मंदावलेला वेग' आलं, काहींच्या 'श्वास', आणि त्या घरांत आवाज आणखी खाली गेले. स्नेहलला ते ठाऊक होतं, आणि आता एखाद्या रेघेपाशी ती पुन्हा थबकू लागली होती. काम त्यामुळे मागे पडायचं. तलाठी घोरपड्यांनी हौसेनं आपला कागद पुन्हा मागवला. त्यावर आलं, 'जन्माची वेळेवर झालेली नोंद'. त्यांचे वडीलही तलाठीच होते. त्यानंतर त्यांनी पेढ्यांचा विषय काढला नाही.

आण्णांचं ऑपरेशन मिरजेत झालं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पांगुळगाड्याला तिसरं चाक बसवलं.

श्रावणात स्नेहल गेली तेव्हा सोप्यात दोन गाडे चालू होते. एका टोकाकडून आण्णा स्टीलचा वॉकर ठोकत येत होते, दुसऱ्या टोकाकडून ओवी पांगुळगाडा ढकलत. मध्ये दोघांची टक्कर झाली.

"बाजूला व्हा, बाई! ज्येष्ठ नागरिक येतोय!"

ओवी बाजूला होईना. गाडा वॉकरवर पुन्हा आदळून ती खदखदून हसली. मग तिला वळून दुसरीकडे धावायचं सुचलं, आणि तेव्हा स्नेहलला दिसलं. ओवीच्या पायात, पैंजणाच्या वर, आण्णांचं काळं घड्याळ बांधलेलं होतं. त्यावरचा हिरवा ठिपका लुकलुकत होता. ओवीचं प्रत्येक पाऊल महादेव चौगुले, वय त्रेसष्ट, यांच्या नावावर कुठेतरी पुण्यात जमा होत होतं.

"आण्णा, हे काय?"

"बघू दे की यंत्राला. म्हातारा कसा पळतोय ते." आण्णा वॉकरवर रेलले. डोळे मिचकावले. "आकडा काय आता पळून कमी हुत न्हाय. फुटू दे घाम कंपनीला. काय बघतीस? तक्रार करणार हायस?"

तिच्या कामाचा नियम सरळ होता. खोटी नोंद दिसली की ती बाद करून वर कळवायची.

स्नेहल ओवीपाशी खाली बसली. तो इवला, मळका, गरम पाय तिनं हातात घेतला, आणि का कोण जाणे, तिला समोरचं नीट दिसेना. ओवी गाड्याला धरून उड्या मारत होती, सोड म्हणून.

"पट्टा सैल आहे," ती म्हणाली. "पडेल."

आणि तिनं तो एका भोकानं घट्ट केला.